बाईंचं ब्याऐंशी

वजनाच्या दिवशी पीटीच्या बाई आधी स्वतः काट्यावर चढायच्या. चपला बाजूला, शिट्टी गळ्यात, पदर खोचलेला. वर्गाकडे तोंड करून म्हणायच्या, "बाईंचं ब्याऐंशी. हसून घ्या." मुली हसायच्या. बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत थांबायच्या. मग म्हणायच्या, "हसून झालं? चला, पहिली कोण?"

ऐंशीच्या दशकात मी बोरिवलीच्या एका मुलींच्या शाळेत लेखनिक होतो. प्रगतिपुस्तकात उंची आणि वजन असे दोन रकाने असत, वर्षातून दोनदा भरायचे. तुमच्याही असतील. पूर्वीची पद्धत अशी, की काट्याजवळच्या शिक्षिकेने आकडा मोठ्याने सांगायचा आणि मी कोपऱ्यातल्या टेबलाशी लिहायचा. माझा एकही आकडा कधी चुकला नाही. तो आकडा चाळीस मुली ऐकतात, हे मात्र माझ्या हिशेबात आलं नव्हतं.

नववीतल्या एका मुलीचं नाव त्यामुळे 'त्रेसष्ट' पडलं. "ए त्रेसष्ट, खडू दे ना." "त्रेसष्ट आली रे, बाक सांभाळा." तिने डबा खाणं सोडलं. पुढच्या वजनाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आली.

"काका, पन्नास लिहा ना. महिनाभर दुपारची जेवले नाहीये मी."

"खोटा आकडा नाही लिहीत गं मी."

बाई हजेरीपट न्यायला मागेच उभ्या होत्या. मुलगी गेल्यावर म्हणाल्या, "खराच लिहा. पण ओरडून कशाला? बाजार आहे का हा?"

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्यांदा काट्यावर चढल्या. उतरल्यावर माझं टेबल ओढून काट्याला चिकटवलं. "डोळे आहेत ना तुम्हाला? बघा आणि लिहा." मधल्या सुट्टीत त्या मुलीला हाक मारली. "काय गो, डबा भरलेलाच? बस हय. मी एकटी जेवत नाही." पहिल्या दिवशी तिने अर्धी पोळी खाल्ली. दिवाळीपर्यंत बाईंच्या डब्यातला बांगडा पळवायला लागली. पुढच्या खेपेला तिचं चौसष्ट भरलं. ती काट्याकडे न बघता उतरली आणि डबा घेऊन गेली.

मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावलं. मी फायली घेऊन तिथेच होतो.

"मुली शिक्षिकेला हसतात, हे बरं दिसतं का?"

"हसू देत. चौदाव्या वर्षापासून सवय आहे मला. त्यांना नको लागायला."

मी खाली बघत राहिलो. हाडं दिसू नयेत म्हणून कॉलेजात मी सदऱ्याखाली दोन बनियन घालायचो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या आणि गावी गेल्या. जूनमध्ये नव्या शिक्षिका आल्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी टेबल पुन्हा कोपऱ्यात लावलं. पहिली मुलगी चढली. "अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या. मागून कुणीतरी खिदळलं. मुलीची मान खाली गेली.

मी पेनाला टोपण लावलं. उठलो, चपला काढल्या आणि काट्यावर चढलो.

"काकांचं सत्तेचाळीस. हसून घ्या."

वर्ग एवढा हसला, की शेजारच्या वर्गातल्या मुली दारात आल्या. मी घड्याळाकडे बघत थांबलो.

"हसून झालं?" मी म्हणालो, आणि टेबल काट्याकडे ओढायला लागलो.