तापीची वाळू आणि बापाचे रिकामे हात

परवा म्हसावदला एका लग्नात माझं टाळकं फिरलं... ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. नव्वदी केव्हाच ओलांडली मी, पण राग काही म्हातारा झाला नाही. म्हणून नातीला म्हटलं, बस इथे, मी सांगते ते लिही आणि टाक तुमच्या त्या फेसबुकवर. शिव्या गाळू नकोस म्हटलं होतं... गाळल्याच तिने.

झालं असं, की एक तरुण पोरगा तान्ही मुलगी छातीशी बांधून मांडवात उभा होता. माझ्या ओळखीचा ना पाळखीचा. बायको बिचारी पंगतीला बसलेली, म्हणून हा लेकराला थोपटत होता. आणि चार बाप्ये त्याच्याकडे बघून खिदळत होते... "बायकोना गुलाम व्हई गया!"

अगदी हेच शब्द मी याआधी ऐकलेत. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा... माझ्या नवऱ्याबद्दल.

नंदुरबारला सासरच्या नात्यात लग्न होतं. सासरे, आमचे हे, मी आणि दोन लेकरं असे निघालो होतो. तापीवर तेव्हा आमच्या वाटेला पूल कुठला? बैलगाडी काठावर सोडायची आणि वाळू तुडवत नावेपर्यंत चालत जायचं. वैशाख होता, सूर्य पार डोक्यावर.

पुढे सासरे, त्यांच्या मागे हे. दोघांच्या पायांत जोडे, हात रिकामे. मागे मी... काखेत तान्हा, डोक्यावर बोचकं, पाय अनवाणी. सासऱ्यांसमोर सुनेनं वहाणा घालायच्या नाहीत ना! मोठी कमल जेमतेम दोन वर्षांची, माझं बोट धरून चालत होती, तिचेही पाय उघडेच.

थोडं चालली आणि पोर किंचाळायला लागली. एक पाय उचलायची, मग दुसरा उचलायची, शेवटी माझ्या लुगड्याला लोंबकळली. मी तिला उचलू कशी? खाली वाकले तर बोचकं पडतंय, तान्हा निसटतोय. बोचकं टाकलं असतं तर सासऱ्यांनी तिथेच माझं माहेर उद्धारलं असतं.

आणि तिचा बाप चार हातांवर उभा! ऐकत होता सगळं, पण मागे वळून बघत नव्हता. कारण काय, तर आमच्यात बापासमोर आपलं लेकरू उचलायचं नाही. त्याला हाक मारायची नाही, त्याच्याकडे बघून हसायचंसुद्धा नाही. याला म्हणे मर्यादा... चुलीत घाला ती मर्यादा!

नावेकडे जाणारे लोक बघत होते. एकजण म्हणाला, फार लाडावली आहे. एक बाई म्हणाली, आजकालच्या पोरींना लेकरंच सांभाळता येत नाहीत. सासरे लांबूनच ओरडले, "तिचं तोंड बंद कर आधी!" माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी... रागाचं आणि लाजेचं.

तेवढ्यात मागून एक बाई आली. काठी गावाकडची असावी, डोंगरातली. डोक्यावर पाटी होती आणि तिचा नवरा त्यांच्या पोराला खांद्यावर बसवून बाजूने चालला होता. तिने काही विचारलं नाही, सरळ कमलला एका हाताने उचलून कडेवर घेतलं.

सासरे गरजले, "हात नको लावू!" आपल्यापेक्षा हलकी समजत होते ना तिला... पोर भाजली तरी चालेल, पण हिचा हात लागायला नको! बाई बधली नाही. चार ढांगांत माझ्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली, "तुन्ही पोर शे ना? ले मंग."

ह्यांनी बापाकडे पाहिलं. बाप डोळे वटारून उभा. हात काही वर येईनात.

मग ती माझ्याकडे वळली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माय, तू एकली कितलं करशी? भलती चांगली माय शेस तू."

लग्न झाल्यापासून मला चांगली आई असं कोणी म्हटलं नव्हतं. ना सासरी, ना माहेरी.

आणि ह्यांचे हात वर आले. कमलने बापाच्या गळ्याला जी मिठी मारली ती नावेत बसलो तरी सोडली नाही. तिच्या तळव्यांना टरारून फोड आले होते... ते बघून ह्यांनी मान जी खाली घातली ती पलीकडच्या काठापर्यंत वर केली नाही.

मी खूश झाले असेन, असं वाटतंय का तुम्हाला? छे! जळफळत होते मी. आपलं लेकरू उचल, हे बापाला सांगायला परकी बाई लागावी?

लग्नघरी बोभाटा झालाच. "बायकोना गुलाम" म्हणून पुरुष हसले, सासऱ्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. पण परतताना त्याच वाळूत नावेतून उतरल्याबरोबर ह्यांनी कमलला उचललं... बापाच्या डोळ्यांदेखत, कोणी न सांगता. त्या दिवशी माझा राग थोडा उतरला. थोडाच.

परवा मांडवात मी काठी टेकत त्या पोरापाशी गेले. मुद्दाम त्या चौघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भलता चांगला बाप शेस रे भाऊ. खाले नको ठेवू तिले." पोरगा लाजला... त्याच्या बायकोचा घास हातातच राहिला, डोळे भरून आले.

त्या डोंगरातल्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नाही. तिचे शब्द मात्र मी तिच्यासारखेच मोठ्यांदा बोलले, एवढं समाधान.

आणि त्या चौघांना, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना सांगते... हसा की खुशाल. फक्त आधी जोडे काढा, वैशाखात भर दुपारी तापीच्या वाळूत उभे राहा आणि मग हसून दाखवा.