डाळिंबाच्या मुळावरच्या गाठी

सारजाबाई मेंढपाळाची लेक. शिक्षण सातवी, पण कळपातली लंगडी मेंढी लांबून ओळखणारी नजर. दुष्काळात, टँकरच्या साली, आष्टीच्या फळबाग संस्थेत ती रोपांना पाणी घालायला लागली. तिथल्या प्रयोगशाळेतल्या विमलबाईंनी तिला सूक्ष्मदर्शक दाखवला आणि सारजाबाईला त्याचं वेडच लागलं.

डाळिंबाची चार हजार रोपं उद्या गावोगावच्या शेतकरी बायांना वाटायची होती. सारजाबाईनं एक पिवळं रोप उपटलं. मुळावर गाठीच गाठी! अध्यक्ष राधाकिशन आप्पा खूश झाले.

"भुईमुगाला असत्यात तशा गाठी! बरकत हाय ही."

"आप्पा, भुईमुगाची गाठ चोळली की निखळती. ही निखळना. मूळच फुगलंय."

"लई शिकलीस गं!"

तिनं ब्लेडनं गाठ चिरली, आतला पांढरा ठिपका काचेवर घेतला आणि आप्पांना बळंच सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवलं.

"ही सूत्रकृमीची मादी, मुळातला बारीक जंतच. नर दोऱ्यावानी, ही चंबूवानी. तोंडात पोकळ सुई हाय. ती मुळात खुपसायची आन् बसल्या जागी रस प्यायचा."

"आयतं बसून खाती की!"

विमलबाईंनी दुसऱ्या एका मादीच्या मागच्या टोकाची कातडी वेगळ्या काचेवर पसरली. अंगठ्याच्या ठशासारख्या रेषा दिसल्या.

"यावरूनच जात ओळखतात," त्या म्हणाल्या. "कूळ एक, भावक्या अनेक. सारजा, ही कोणती?"

"वर उंच, चौकोनी कमान. इनकॉग्निटा."

रोपांच्या पिशव्यांत भरलेली माती वांग्याच्या जुन्या वावरातली होती. वांग्याच्या मुळांत पोसलेली कीड तिच्यातूनच आली होती. "समदी रोपं फेकावी लागत्याल, आप्पा," सारजाबाई म्हणाली.

आप्पांचा आवाज चढला. "उन्हाळाभर टँकरचं पाणी पाजलंय! मानसं प्यायला तरसली, आन् तू म्हणतीस फेका?"

सारजाबाईला नोकरी जायची भीती होती. पण ही रोपं ज्याच्या रानात जातील, त्या रानाला हा रोग जन्माचा चिकटणार होता.

"मंग पयली गाडी तुमच्याच रानात उतरवू का, आप्पा?"

तिनं पहिली काच भिंगाखाली सरकवली आणि आप्पांनी पुन्हा डोळा लावला.

"हिच्या बुडाशी हा पुंजका कसला?"

"अंडी. चार-पाचशे असत्याल."

"अगं आई गं! बाळंतीणच बसलीय की रानात." आप्पा ताडकन उठले. "पेटवा समदी. बायांना मी सांगतो."

"जिवांची होळी करतीय, पाप लागू देऊ नको रं खंडोबा," असं पुटपुटत सारजाबाईनं काडी ओढली.