एस्तेर आणि जाहिराती दाबणारी माणसं

एस्तेर मावची भांडकुदळ आहे, हे चिंचपाड्यापलीकडच्या तिच्या पाड्यावर कुणी पाठीमागे बोलत नाही. तोंडावरच बोलतात. तीही नाकारत नाही. लग्न होऊन आली त्याच वर्षी पाण्याच्या नळावरून तिनं अर्धा पाडा अंगावर घेतला होता. सासूनं तेव्हाच ओळखलं, की ही सून वाकायची नाही.

नवापूरकडच्या अंड्यांच्या पोल्ट्रीत तिचं सगळं तरुणपण गेलं. अंडी वेचायची, ट्रे भरायचे, मेलेल्या कोंबड्या उचलून बाहेर टाकायच्या. मग एकदा रोगाची साथ आली, शेडं ओस पडली, आणि मालकानं सगळ्या बायकांना घरी पाठवलं. एस्तेरनं परसात गावरान कोंबड्या पाळल्या. त्यातल्या निम्म्या आठवड्याभरात माना टाकून मेल्या. मोबाइलवर उपाय शोधायला बसली, तर इंग्रजीत ढीगभर माहिती, हिंदीत बरीच, आणि मराठीत जे होतं ते एकानं दुसऱ्याचं उचलून चिकटवलेलं. एका ठिकाणी तर जुलाबावर आणि मोडलेल्या पायावर एकच औषध सांगितलेलं.

तिला राग आला. एस्तेरच्या आयुष्यातली बहुतेक कामं रागातूनच सुरू झाली आहेत. जनावरांच्या डॉक्टरांना विचारत, जुने व्हिडिओ बघत, रडतखडत तिनं स्वतःची साइट उभी केली. नाव दिलं ‘परसातली कोंबडी’. घरात आदिवासींची कोकणी बोली, मराठी शाळेतली, त्यामुळे तिची वाक्यं आखूड आणि ठसठशीत. लोकांना तीच आवडली. खापरपासून पार विदर्भापर्यंतच्या बायका तिला फोन करून विचारू लागल्या. मग एका परदेशी कंपनीच्या जाहिराती तिनं साइटवर घेतल्या. वाचायला आलेल्या माणसानं आपल्या मनानं एखादी जाहिरात उघडली, की साइटवाल्याला वाटा मिळायचा. नवरा स्टीफन दुधाचा टेम्पो चालवायचा, त्याच्या जोडीला आता हिचीही कमाई आली, आणि पाड्यावरचे टोमणे जरा खालच्या आवाजात येऊ लागले.

वैर सुरू झालं ते बुरशीवरून.

नवापुरात भूपेंद्रशेठचं कोंबडी-खाद्याचं मोठं दुकान. माणूस मूळचा तापीकाठचा, केळीच्या बागा असलेल्या घरातला, अहिराणी बोलणारा, बोलायला गोड. त्याच्याकडून आणलेलं एक पोतं एस्तेरनं उघडलं, तर आत हिरवट गाठी आणि कुबट वास. ती परत द्यायला गेली. शेठनं पोत्यात हात घातला, वर काढला, झटकला आणि म्हणाला, “पावसानी हवा शे बाई. उन्हमा वायू घाल.” वाळवून वापरायला सांगितलं, पोतं काही बदलून दिलं नाही.

घरी येऊन तिनं त्या गाठींचे फोटो काढले आणि एक पान लिहिलं. खाद्याला बुरशीचा वास आला तर ते कोंबडीला घालू नका, दुकानदार पावसाची हवा म्हणो की आणखी काही. घेताना पोतं उघडून हुंगा. दुकानाचं नाव तिनं लिहिलं नव्हतं, पण फोटोत पोत्यावरचा शिक्का दिसत होता. महिन्याभरात गिऱ्हाइकं शेठच्या दुकानात मोबाइल काढून ते पान दाखवू लागली.

खांडबाऱ्याच्या बाजारात त्यानं तिला गाठलं. आजूबाजूला मिरच्यांचे ढीग, माणसांची गर्दी. भर बाजारात तो ओरडला, “तू हाई काय लिखी ऱ्हायनी? मन्हा धंदावर उठनी का?”

“पोतं बदलून दिलं असतं तर लिहिलं नसतं,” एस्तेर म्हणाली.

“ते पान काढ.”

“नाही काढत.”

“मंग तुन्हं दुकान मी बंद करसू. दखी लेजो.”

“माझं दुकान कुठंय? माझ्या परसात?” ती हसली, आणि मिरच्या निवडायला खाली बसली. तिला वाटलं, रागात माणूस बोलतो तसा बोलला.

त्यानं मात्र बोलल्याप्रमाणे करून दाखवलं. एक दिवस कंपनीची मेल आली. तुमच्या साइटवर खोटे क्लिक होत आहेत, खातं निलंबित केलं आहे. एवढंच. कुणी केले, कधी केले, त्याचा शब्दही नाही. जाहिरातींच्या जागा साइटवर पांढऱ्या पडल्या.

एस्तेरनं ती मेल स्टीफनला वाचून दाखवली. तो म्हणाला, “तूच दाबल्यास का?”

“मी?” ती त्याच्यावर अशी धावून गेली की तो ताट घेऊन ओसरीवर जाऊन बसला.

त्याच तापलेल्या डोक्यानं तिनं फेरविचाराचा अर्ज लिहिला. मोबाइलकडून इंग्रजी करून घेतलं. माझा एक वैरी आहे, हे त्याचंच काम, त्याला शिक्षा करा, माझा काहीही दोष नाही. पाठवून दिला आणि मोकळी झाली. कंपनीनं तो फेटाळला. ठरावीक मुदतीनंतर आणखी एकदा अर्ज करता येईल, तो शेवटचा, असं खाली लिहिलं होतं.

मग ती तडक नवापूरला दुकानात गेली. भूपेंद्रशेठ गल्ल्यावर बसला होता, पोती उचलणारे हमाल चहा पीत होते.

“तुम्हीच केलंत ना शेठ?”

“काय करं मी?” त्यानं हात जोडले. “उलट तुन्हा फायदाना करता लोकेसले सांगं. बिचारी गरीब शे, तिन्ही जाहिरात दाबा.” हमाल हसले. “पुरावा शे का? नही ना? मंग घर जाय.”

पुरावा तिला बाहेर मिळाला. तिच्याच पाड्याच्या वरच्या अंगाला राहणारा गोवाल तिथं खाद्य न्यायला आला होता. तो मागोमाग आला आणि मान खाली घालून म्हणाला, “ताई, मी पण दाबलं. शेठ येईल त्याला सांगायचा, एस्तेरताईच्या साइटवर जा, जाहिरात दाबा, पुन्हा पुन्हा दाबा, ताईला मदत होते. आम्हाला काय ठाऊक?”

“डोकं नाही का तुला?” ती रस्त्यावरच ओरडली. “एक माणूस मला भर बाजारात शिव्या देतो, तो माझी मदत कशाला करेल?” त्याच्यावर काढून तिचा राग काही शमला नाही, पण शेठचा डाव तिला कळला. वैरी पुढे आलाच नव्हता. त्यानं तिच्याच माणसांच्या हातून काम करून घेतलं होतं.

आता तिनं कंपनीचे नियम पहिल्यांदा नीट वाचले. साइटवाल्याला मदत म्हणून दाबलेली जाहिरातही त्यात खोटा क्लिकच धरली होती. जाहिराती घेताना नुसती ‘मान्य’वर टिचकी मारली होती. साइटवर कुठून किती माणसं येतात, हे दाखवणारा तक्ताही तिनं उघडला. नवापुरातून एकदम उसळलेली गर्दी त्यात स्पष्ट दिसली. ‘सापडलास,’ ती मनात म्हणाली. पण तक्ता मागे सरकवत गेली, तेव्हा तिचं तोंड कडू झालं. शेठच्या भांडणाच्याही कितीतरी आधीपासून, दर रविवारी दुपारी, एक लहानशी उसळी येत होती. तीही चिंचपाड्याच्या बाजूनं. प्रार्थना सुटायची ती वेळ.

रविना, तिची नणंद, चर्चच्या महिला मंडळात पुढे पुढे असायची. एस्तेर तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

“रविना, मंडळातल्या बायका माझ्या जाहिराती दाबतात?”

“हो मग!” रविनाच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. “मीच सांगते सगळ्यांना. चर्च सुटलं की झाडाखाली बसतो आणि आमच्या वहिनीसाठी दाबतो. म्हाताऱ्यांच्या मोबाइलवर मी स्वतः दाबून देते.”

“तुला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी सांगायला कशाला पाहिजे? घरचं काम आहे.”

“घरचं काम!” एस्तेरचा आवाज चढला. “माझं खातं गेलं तुझ्या घरच्या कामानं. त्या कंपनीला तू आणि तो शेठ सारखेच. त्यानं वैरानं दाबलं, तू अडाणीपणानं.”

आसपासच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. रविना लाल झाली. “त्या शेठच्या पंगतीला बसवतेस मला? तुझ्या पोरांची आजारपणं काढली मी. आता चार पैसे यायला लागले तर नणंद अडाणी?”

“पुन्हा दाबलंस तर हात तोडीन.”

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे एस्तेरला घरी येईपर्यंत कळलं. पण ती मागे फिरली नाही. संध्याकाळी स्टीफन बहिणीकडून जेवूनच आला आणि म्हणाला, “तिनं चांगल्या मनानं केलं.”

“मन त्या कंपनीला दिसत नाही, स्टीफन.”

“तुला तरी दिसतं का?” तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मुदत संपायची वाट बघताना ती साइटच्या मागे लागली. एक चूक तर सरळ तिचीच निघाली. कुठल्याशा व्हिडिओत ऐकून तिनं जाहिरात ‘पुढे वाचा’ या बटणाला अगदी चिकटून लावली होती. वाचणारी बाई बटण दाबायला जायची आणि जाहिरात उघडायची. त्यातून कमाई वाढते, असं तो व्हिडिओवाला हसत हसत सांगत होता. एस्तेरनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि जाहिरात तिथून हलवली. इकडून तिकडून घेतलेले फोटो काढून स्वतःच्या कोंबड्यांचे लावले. अर्धवट लिहिलेली पानं उडवली.

रविवारी प्रार्थनेनंतर ती मंडळातल्या बायकांपुढे उभी राहिली. गोड बोलणं तिला जमत नाही. ती म्हणाली, “माझी साइट वाचायची तर वाचा. माझ्यासाठी म्हणून जाहिरात कुणी दाबायची नाही. घरच्यांनी तर नाहीच.” रविना उठून निघून गेली. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी गेल्या.

दुसरा अर्ज तिनं आधी मराठीत लिहिला, मग जपून इंग्रजीत केला. त्यात कुणाला शिक्षा मागितली नाही. नातेवाइकांनी मदत समजून जाहिराती दाबल्या, ते मला ठाऊक नव्हतं, आता थांबवलं आहे. जाहिरातीची जागा चुकीची होती, ती बदलली. गावातल्या एका व्यापाऱ्यानं लोकांकडून मुद्दाम क्लिक करून घेतले, त्या दिवसांचे आकडे जोडले आहेत. यापुढे रोज तक्ता बघेन आणि गडबड दिसली तर आधी तुम्हाला कळवीन. लिहिताना तिचे दात आवळलेले होते. आपल्या घरची भानगड परक्यापुढे मांडायची, आणि तीही सभ्य शब्दांत, हे तिला मारामारीपेक्षा जड गेलं.

खातं परत मिळालं. मेल नेहमीसारखीच कोरडी होती. पुन्हा असं झालं तर कायमचं बंद, ही धमकी सोबत होतीच.

भूपेंद्रशेठला बातमी लागायला वेळ लागला नाही. एका सकाळी कोंबड्यांना पाणी ठेवून तिनं तक्ता उघडला, तर नवापूरची गर्दी पुन्हा उसळलेली. आणि सगळी त्या बुरशीच्या पानावर, गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर आधीपासून तेच होतं. या वेळी ती कुणावर ओरडली नाही. साइटवरच्या सगळ्या जाहिराती स्वतःच्या हातानं बंद केल्या, कंपनीला आकडे पाठवले, आणि मगच टेम्पोत बसून नवापूरला गेली.

दुकानात गिऱ्हाइकं होती. ती दारातूनच म्हणाली, “शेठ, माणसं पाठवा, आणखी पाठवा. जाहिराती मी काढल्यात. आता त्या पानावर दाबायला काही नाही, नुसतं वाचायला आहे.”

शेठनं आधी तिच्याकडे आणि मग गिऱ्हाइकांकडे बघितलं. त्यातल्या एकाच्या हातात मोबाइल होता. दाबायला म्हणून त्यानं पान उघडलं होतं, आणि आता तो खरंच वाचत होता. वाचून झालं तसं त्यानं समोरच्या पोत्याची शिवण उसवायला घेतली.

“ए, हात नको लावजो!” शेठ ओरडला.

“हुंगू द्या ना शेठ,” तो माणूस म्हणाला. “उन्हाळा आहे, पावसाची हवा तर नाही.”

ज्यांना त्यानं दाबायला पाठवलं होतं, ती बरीचशी माणसं त्या आठवड्यात पोतं उघडल्याशिवाय घेईनात. शेवटी तो स्वतः गाडी घेऊन पाड्यावर आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून, बाजारात वापरलेला आवाज पार गिळून म्हणाला, “पान काढी टाक. मी थांबसू. तुले खाद्य बी कमी भावमा देसू.”

“खाद्य चांगलं विका,” एस्तेर म्हणाली. “पान राहील.” तिनं त्याला पाणी विचारलं नाही. आदिवासी घराच्या दारातून माणूस बिनपाण्याचा परत गेला, यावरून पाड्यावर पुढे बरेच दिवस तिलाच बोलणी बसली.

क्लिक मात्र थांबले. नवी गिऱ्हाइकंही पोतं उघडून मागू लागली तेव्हा शेठनं जुना माल हळूहळू दुकानातून हटवला, असं गोवाल सांगतो. त्याबद्दल एस्तेरला कुणी श्रेय दिलं नाही, तिनं मागितलंही नाही. काही दिवसांनी तिनं जाहिराती परत सुरू केल्या, निम्म्याच पानांवर. बुरशीच्या पानावर तिनं त्या पुन्हा लावल्या नाहीत.

रविना अजून तिच्याशी बोलत नाही. नाताळला स्टीफन पोरांना घेऊन बहिणीकडे जातो, एस्तेर घरी थांबते. हात तोडण्याचं वाक्य परत घ्यायला हवं, हे तिला ठाऊक आहे. एकदा ती रविनाच्या दारापर्यंत गेलीही होती. आतून कडी लावल्याचा आवाज आला आणि ती शिवी गिळून परत आली.

गेल्या नाताळला घर रिकामं असतानाच फोन वाजला. खापरकडची एक बाई घाबरून बोलत होती, पिल्लं सकाळपासून कोपऱ्यात गोळा होऊन बसली आहेत.

“रडू नको,” एस्तेर खेकसली. “त्यांना गारठा लागतोय का बघ. आणि काल खायला काय घातलंस, ते आधी सांग.”