विरुद्ध मताची बहीण

"चूक. परत सांग."

कुणी त्यांना इंग्लिश म्हटलं की बाई बोट वर करून एवढंच म्हणायच्या. रागानं नव्हे, पाढा चुकल्यावर शिक्षक सांगतात तसं.

मीही पहिल्याच भेटीत चुकलो. ऑस्ट्रेलियात गुंगालिन या उपनगरात राहायला आलो त्या आठवड्यात सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ जमला होता. मी पुण्याचा माणूस, उकळतं पाणी घेऊन ओतायला निघालो. शेजारच्या ड्राइव्हवेमधून सत्तरीच्या बाई ओरडत आल्या, "थांब! काच तडकेल!" आणि स्वतःच काच खरवडून दिली. मी आभार मानत विचारलं, "तुम्ही इंग्लंडच्या का?" बोट वर गेलं.

बाई स्कॉटलंडमधल्या डंडीच्या. तरुणपणी नर्स म्हणून ऑस्ट्रेलियात आल्या आणि इथेच निवृत्त झाल्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही.

स्कॉटलंडनं इंग्लंडपासून वेगळं व्हावं, हे त्यांचं ठाम मत. "तीनशे वर्षांपूर्वी दोन देश एक झाले म्हणे! सह्या केल्या मूठभर उमरावांनी. आमच्या विणकरांना कुणी विचारलं?"

हे ऐकून मला भलताच आपलेपणा वाटला. एका रविवारी पोह्यांची बशी त्यांच्या हातात देत मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही-आम्ही सारखेच. दोघांनाही इंग्रजांनी नाडलं."

बाईंनी चमचा खाली ठेवला.

"नाही. माझे आजोबा कलकत्त्याजवळच्या तागाच्या गिरणीत मॅनेजर होते. बंगल्यावर दिमतीला नोकरांची रांग." मग म्हणाल्या, "फायद्याच्या वेळी आम्ही अगदी मनापासून ब्रिटिश होतो. ते लपवून स्वातंत्र्य मागणं मला जमत नाही."

आपल्याच बाजूला अडचणीत आणणारी गोष्ट इतक्या सरळ सांगणारी माणसं तुम्ही किती पाहिलीत? मी फार नाही पाहिली.

पुढं वेगळं व्हायचं की एकत्र राहायचं, यावर स्कॉटलंडमध्ये मतदान ठरलं. मत तिथं राहणाऱ्यांनाच होतं, त्यामुळे बाईंना नव्हतं. डंडीत त्यांची धाकटी बहीण होती. बाईंनी तिला फोन केला, तर ती म्हणाली, मी एकत्र राहण्याच्या बाजूनं मत देणार. तिचा नवरा इंग्लंडचा, मुलगा लंडनला नोकरीला. मधे सरहद्द आली तर ती आपल्याच घरातून जाईल, असं तिला वाटत होतं.

बाई तिला 'भित्री' म्हणाल्या.

"तू तिकडे उन्हात बसून आम्हाला धडे देऊ नकोस," बहीण म्हणाली आणि तिनं फोन आपटला.

एकत्र राहणारे जिंकले. बाई आठवडाभर घराबाहेर दिसल्या नाहीत. पुढची आठ वर्षं दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी एकदा विषय काढला, तर बाई म्हणाल्या, "देशाचं दुःख नाही रे एवढं. मी तिला भित्री म्हणायला नको होतं." पण फोन काही केला नाही. अभिमानी माणसाचं असंच असतं.

मग एका सकाळी त्या आमच्या दारात उभ्या. डोळे लाल.

"बहिणीचा फोन आला होता. तिचा नवरा गेला. तिला आता जवळजवळ दिसत नाही."

"मुलगा?"

"तो लंडनला बोलावतोय. ती डंडी सोडायला तयार नाही." हे सांगताना त्यांची मान जराशी ताठ झाली. "मी फोन उचलला तर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, 'भित्री बोलतेय.'"

तीन महिन्यांत बाईंनी घर विकलं. या वयात सगळा संसार दोन बॅगांत भरला. विमानतळावर सोडायला मी गेलो. गाडीत न राहवून विचारलं, "परत तो विषय निघाला तर?"

"निघणारच. रोज निघेल. पण आता एका टेबलाशी बसून भांडू. फोन आपटायची सोय नाही."

त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांना बाईंचं नावही ठाऊक नाही. मी मात्र अधूनमधून डंडीला फोन लावतो. तिथल्या गेल्या निवडणुकीनंतर लावला होता. दिसत नसलेल्या मतदाराला सोबत कुणाला तरी नेऊन त्याच्याकडून मतपत्रिकेवर खूण करून घेता येते. बहिणीनं सोबत बाईंनाच नेलं आणि नाव सांगितलं ते एकत्र राहा म्हणणाऱ्या पक्षाच्या उमेदवाराचं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, केली खूण. चौकटीच्या अगदी मधोमध."

"जिवावर आलं असेल."

"आलं ना. म्हणून तर दोनदा तपासलं. रेघ बाहेर गेली असती, तर तिचं मत बाद झालं असतं."