गाडी भरली की सुटेल

शेवगावात इंटरनेट आणायचं म्हणून अश्विनीने बापाला जीप विकायला लावली. साल नव्याण्णव. रंभाजीने शेवगाव-पाथर्डी रस्त्यावर वडाप मारून, म्हणजे शिटा भरभरून जीप पळवून, पोरीला कॉम्प्युटरचा कोर्स करू दिला होता. आता जीप गेली आणि त्यांच्या एसटीडी बूथमध्ये कॉम्प्युटर आला. हे बुडालं तर रंभाजीला उतारवयात दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून राबावं लागणार, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. माझं शिलाईचं दुकान बूथला लागूनच, म्हणून मला जरा जास्तच ठाऊक.

केबलवाला कल्याण तर चौकात सांगत फिरे, "फोनवरचं इंटरनेट म्हंजी बैलगाडी! मी केबलमधून घरोघरी देतो का न्हाई बघा." त्याने पुण्याहून यंत्रही मागवलं.

अश्विनीची सुरुवात वाईट झाली. इंटरनेटसाठी नगरला फोन जोडावा लागे, आणि जोडला की एसटीडीचं मीटर पळत सुटे. गिऱ्हाईक मात्र आपलं संस्कारी. ईमेल करायला बसलं की इंग्रजी अक्षरं एका बोटाने शोधत आधी 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' लिहिणार, मग इकडील सर्व खुशाल असल्याचं कळवणार. तिचा दर निरोपामागे ठरलेला, त्यामुळे मुद्दा येईपर्यंत नफा संपलेला असे. कापसाचे व्यापारी छगनशेठ यांना इंदूरच्या गिरणीला फक्त भाव विचारायचा होता. त्यांनी गिरणीमालकाच्या वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी करण्यातच मीटर तापवलं. त्यांना थांबवणार कोण?

टेलिफोनचं बिल आलं तेव्हा अश्विनी माझ्या दुकानात बसून रडली. मला इतका राग आला, की कल्याणची शिवायला आलेली पँट मी मुद्दाम गठ्ठ्याच्या तळाशी सारली.

रंभाजीने बिल उलटसुलट करून बघितलं. दुसऱ्या दिवशी तो बूथच्या दारात येऊन उभा राहिला. आत लाईन चालू आणि एक गिऱ्हाईक डोकं खाजवत 'काय बरं लिहावं' असं पुटपुटत बसलेलं. म्हातारा भडकला.

"आगं, गाडी भरल्याबिगर सोडतीस कशी? एका शिटावर पाथर्डी केली असती, तर मी कवाच भिकंला लागलो असतो!"

 अश्विनी उठली आणि तिने लाईन तोडली.

त्या दिवसापासून बूथची रीत बदलली. लोकांनी मजकूर कागदावर लिहून द्यायचा, तिने फोन न जोडताच टाइप करून ठेवायचा. पुरेसे निरोप जमले की मगच नगर जोडायचं. सगळे निरोप एका दमात रवाना, आणि येताना आलेली उत्तरं घेऊन परत. एका फोनचा खर्च सगळ्यांत वाटला जाई, म्हणून निरोपामागे भाडंही परवडेल असं. दुबईला पोरगा असलेल्या आया येऊ लागल्या, अडतवाले येऊ लागले. छगनशेठ आता गिरणीमालकाच्या आजोबांचीही खुशाली विचारायला मोकळे झाले. पुढचं बिल अश्विनीने नाचत भरलं, आणि मी सगळ्यांना चहा पाजला.

इकडे कल्याणची केबल एकतर्फी निघाली. चित्र घरात यायचं, पण घरातून उलट काही जायचं नाही. दुतर्फी करायची तर गावभर नवी मशिनं बसवायची. तेवढा खर्च भरून निघायला शेवगावात गिऱ्हाइकं कुठली?

एका दुपारी तो स्वतःच बूथवर आला. पुण्याच्या कंपनीने यंत्र परत घ्यावं, असा मजकूर त्याच्या हातात होता. वर झोकात 'सप्रेम नमस्कार' होतंच.

"लगेच धाडती का ताई?" त्याने विचारलं.

"बसा दादा," अश्विनी शांतपणे म्हणाली. "गाडी भरली की सुटंल."

कल्याण बाकावर बसला. तेवढ्यात रंभाजी दारात आला, छाती फुगवली आणि जीप विकल्यापासून न काढलेला आवाज काढला, "चला, इंदूर, पुनं, दुबई! एकच शीट बाकी हाय!"

मला कोणाला काहीच कळवायचं नव्हतं. तरी मी कात्री टाकली आणि धावत सुटलो.