दाराच्या दोन्हीकडं उपाशी

थांबा थांबा, हातातलं काम बाजूले ठेवा! हे मले आत्ताच सांगायचं आहे, नाही तर पोट फुगंल माझं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी नवीकोरी नर्स, नागपूरच्या एका दवाखान्यात, आयसीयूत. नियम असा का संध्याकाळी पाच वाजता एकाच नातेवाइकाले पाच मिनिटं आत सोडायचं. बाकी दिवसभर दार बंद. अन् ते दार लावायचं काम माझं! बाहेर बाकड्यावर बसलेल्या सगळ्यायची दुश्मन मीच. "तुले माय-बाप नाही का वं?" हे रोज ऐकायची अन् बाथरूममध्ये जाऊन रडायची.

तर नरखेडकडच्या एक आजी भरती झाल्या. हार्ट अटॅक. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता थोडं थोडं खाऊ घाला. मी मुगाचं पाणी घेऊन गेली, तर आजी तोंडच उघडेनात. सकाळी नाही, दुपारी नाही. डॉक्टर म्हणाले, चार वाजेपर्यंत नाही खाल्लं तर नाकातून नळी टाकू.

मी कानाशी वाकली. "काहून नाही खाऊन राहिल्या, आजी?"

"थे जेवले का?"

थे म्हणजे आबाजी! नवऱ्याच्या आधी जन्मात जेवल्या नव्हत्या त्या. मी पटकन ठोकून दिलं, "हो ना, मस्त वरण-भात खाल्ला."

आजीनं एक डोळा उघडला. "थे भाताले हात नाही लावत. खोटारडी कुठली!"

मी पळत बाहेर गेली. आबाजी बाकड्यावर, पुतण्यानं आणलेला डब्बा मांडीवर तसाच बंद. "जेवा ना आबाजी!"

"तिच्या पोटात काही नाही, अन् मी गिळू?"

आता बोला! इकडं एक उपाशी, तिकडं एक उपाशी, अन् मी मधात चकरा मारून राहिली.

शेवटी भीत भीत इन्चार्ज सिस्टरले सांगितलं. लय कडक बाई. म्हणाली, "आत कोणी येणार नाही. पण दाराले काच आहे ना? बाहेर स्टूल टाक. अन् पलंगाले चाकं काय शोभेची लावली?"

वायरी सांभाळत आम्ही दोघींनी पलंग दाराकडं फिरवला. काचेपलीकडं आबाजीनं डब्बा उघडला, भाकर मोडली, पहिला घास तोंडात टाकला.

"हळू खा म्हणा त्यायले," आजी पुटपुटल्या. "ठसका लागते."

मी दार किलकिलं करून निरोप दिला. आबाजी म्हणाले, "तिले म्हणा, मले शिकवू नोको, तोंड उघड!"

अन् आजीनं उघडलं हो! आठ चमचे गेले पोटात. नळी टाकायची गरजच नाही पडली.

तुमच्यावर आली का कधी अशी पाळी, दोन जीवायच्या मधात दार लावून उभं राहायची? मंग काय केलं तुम्ही? सांगा ना!