तोरणमाळचं पेरणीचं गाणं

शहाद्याहून जीप सुटली आणि चालकाने आरशातून माझी पिशवी न्याहाळली. “वर काय काम शे तुम्हनं?” (वर काय काम आहे तुमचं?)

“मक्याची माहिती घ्यायचीय.”

घाटाच्या दर वळणावर आरशात त्याचे डोळे दिसत राहिले. मीही पिशवी मांडीवर ओढून घेतली.

मी मानववंशशास्त्राची अभ्यासक. मेक्सिकोतल्या झापोटेक आदिवासींमध्ये जाऊन-येऊन तीस वर्षं काढली, त्यांच्या मक्याच्या पूजा नोंदवल्या. मका मूळचा तिकडचाच. सातपुड्यातले पावरा लोक तो पेरताना काय गातात, हे निवृत्तीनंतर ऐकायचं होतं.

तोरणमाळला शाळेतल्या सुनीताबाई मला पेरणीची गाणी येणाऱ्या रेवलीबाईंकडे घेऊन गेल्या. रेवलीबाई अंगणात कणसं सोलत होत्या. मी खाली बसले, तशी त्यांनी टोपली स्वतःकडे सरकवली आणि पावरी बोलीत काहीतरी विचारलं.

“कोणी पाठवलं, विचारतेय,” सुनीताबाई म्हणाल्या. “मागे एक बाई आलेली. गाणं मोबाईलमध्ये भरून नेलं, मग तोंड दाखवलं नाही.”

“मी तशी नाही.”

रेवलीबाई हसून काही बोलल्या. “ती पण असंच बोललेली म्हणे,” सुनीताबाईंनी सांगितलं.

मग सुनीताबाईंकडून माझ्या मेक्सिकोतल्या कामाचं ऐकून रेवलीबाईंनी आणखी एक प्रश्न केला. सुनीताबाई जरा अडखळल्या. “मॅडम, ती विचारतेय, तिकडचे लोक तुम्हाला अजून घरात घेतात का?”

‘घेतात’ असं सहज म्हणता आलं असतं. पण माझ्या तोंडून खरं निघालं. “एक घर घेत नाही. तिथल्या सुईणीने मला एक प्रार्थना सांगितली होती, कुणाला सांगू नकोस म्हणून. मी ती पुस्तकात छापली.”

सुनीताबाईंनी ते पावरीत सांगितलं.  रेवलीबाई उठून आत गेल्या, मक्याची गरम भाकर आणि लसणाची चटणी घेऊन आल्या. मी पोटभर जेवले. गाण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

संध्याकाळी खाली उतरले. शहाद्याच्या स्टँडवर बसला उशीर होता, म्हणून त्या घरात राहणाऱ्या सुईणीच्या मुलीला माफीचं पत्र लिहायला घेतलं. तीन ओळी झाल्या आणि हात थांबला. ही माफी मी तिच्यासाठी मागत होते, की ते दार पुन्हा उघडावं म्हणून? एवढी वर्षं लोकांच्या मनातलं ओळखण्यात घालवली, पण स्वतःबद्दल मला खात्रीने सांगता येईना.

तरी पत्र पुरं केलं. त्यात शेवटी हा संशयही लिहिला.